खिशातला कॅमेरा : पेणची धूळ, रोह्याचा पाऊस

कॅमेऱ्याच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक दोन प्रश्न हमखास विचारतं : मेगापिक्सेल किती आणि झूम किती. दुकानदारही त्याच दोन आकड्यांवर माल खपवतो, कारण खोक्यावर तेच ठळक छापलेले असतात. पेण-रोह्याकडच्या माणसाने मात्र हे प्रश्न बाजूला ठेवून दुसरे दोन विचारावेत. आतला सेन्सर केवढा आहे? आणि बटण दाबल्यावर लेन्स पुढे सरकते की आतल्या आत राहते? पहिल्याच्या उत्तरावर फोटोचा दर्जा ठरतो, दुसऱ्याच्या उत्तरावर कॅमेऱ्याचं आयुष्य. अडचण अशी की ही दोन उत्तरं एकमेकांशी भांडतात. मोठा सेन्सर हवा तर त्याच्यापुढे मोठी लेन्स हवी. मोठी लेन्स खिशात मावायची तर ती दुमडून आत जाणारी आणि बाहेर येणारी हवी. आणि जी लेन्स आतबाहेर करते तिच्याभोवती फट राहतेच. स्वस्त आणि टिकाऊ कॅमेरा निवडणं म्हणजे या भांडणात आपल्या कामापुरता निवाडा करणं.

पेण आणि रोहा यांच्यात रस्त्याने फार अंतर नाही, दिवा–रोहा गाडी दोन्ही गावांना थांबते, पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी जगं आहेत. पेणला, हमरापूर-जोह्याकडे, गणपतीचे कारखाने. तिथे हवेत प्लास्टरची भुकटी, पॉलिशपेपर मारताना उडणारी धूळ आणि स्प्रे गनमधून सुटणारा रंगाचा फवारा. फोटो काढायची वस्तू मात्र शांतपणे पाटावर बसलेली असते, हलत नाही. रोह्याकडे उलट. कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग, पावसाळ्यात अवचितगडाची वाट, दसऱ्यानंतर ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी. तिथे सगळं हलतं, आणि बहुतेक वेळा भिजतं. एकाच कॅमेऱ्याची शिफारस दोन्हीकडे करणारा माणूस एकतर विक्रेता असतो किंवा त्याने दोन्ही गावं पाहिलेली नसतात.

आधी सेन्सरकडे वळू, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते.

कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने 1975 मध्ये जो पहिला हातात धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा जुळवला, त्याचं वजन साडेतीन किलोंहून जास्त होतं आणि एक काळा-पांढरा फोटो कॅसेटवर उतरवायला त्याला 23 सेकंद लागायचे. त्या फोटोत पिक्सेल होते अवघे 10,000. म्हणजे 0.01 मेगापिक्सेल. तेव्हा मेगापिक्सेल वाढवणं हे खरंच मोठं काम होतं. आज ते काम संपलंय, पण आकड्याचा दरारा उरलाय.

हिशोब करून पाहा. 6 बाय 4 इंची फोटो स्टुडिओत उत्तम छापून घ्यायला दर इंचाला 300 ठिपके धरले तरी 1800 गुणिले 1200, म्हणजे जेमतेम 2.2 मेगापिक्सेल पुरतात. पूर्ण ए4 आकाराच्या छपाईला पावणेनऊ मेगापिक्सेलच्या आत काम भागतं. चौकातल्या फ्लेक्सला तर त्याहून कमी चालतं, कारण तो कोणी नाकाला लावून बघत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, तेव्हा तिथे मेगापिक्सेलचा विचार करणंच व्यर्थ. 10-12 मेगापिक्सेलचा कॅमेरा मूर्तिकाराला, ट्रेकरला, घरच्या लग्नकार्याला आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला पुरून उरतो.

फरक पडतो तो सेन्सरच्या क्षेत्रफळाने. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये जो सेन्सर असतो त्याला 1/2.3 इंची म्हणतात. त्याची लांबी-रुंदी 6.17 आणि 4.55 मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 28 चौरस मिलिमीटर. त्याच्या वरच्या पायरीवर 1/1.7 इंची, सुमारे 43 चौरस मिलिमीटर. त्याच्याही वर ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो, 13.2 गुणिले 8.8, म्हणजे 116 चौरस मिलिमीटर. या इंचांवर फूटपट्टी लावू नका. एक इंची सेन्सरचा कर्ण 16 मिलिमीटरच्या आसपास भरतो, 25.4 नाही. हे माप टीव्ही कॅमेऱ्यांतल्या जुन्या काचेच्या नळ्यांच्या काळातलं आहे. नळीचा बाहेरचा व्यास सांगायची तेव्हा पद्धत होती आणि प्रतिमेच्या वाट्याला त्यातला दोन तृतीयांश भागच यायचा. नळ्या भंगारात गेल्या, माप राहिलं. कंपन्यांना ते सोयीचंही आहे, वस्तू आहे त्याहून मोठी वाटते.

आता लेन्स. तिच्या पुढच्या कडेवर एफ-आकडा छापलेला असतो. जितका लहान तितका प्रकाश जास्त, आणि हा हिशोब वर्गाने चालतो. सोनीचा 2012 मध्ये आलेला पहिला आरएक्स100 घ्या : एक इंची सेन्सर, झूम न करता एफ 1.8. त्याच्याशेजारी कॅननचा 2017 चा स्वस्त इक्सस 185 ठेवा : 1/2.3 इंची सेन्सर, एफ 3.2. लेन्समुळे तिपटीहून थोडा जास्त, सेन्सरमुळे चौपटीहून थोडा जास्त. गुणाकार केला तर त्याच शटरवेगाला पहिल्या कॅमेऱ्यात दुसऱ्याच्या सुमारे तेरापट प्रकाश शिरतो. दोघांवर छापलेले मेगापिक्सेल? दोन्हीकडे 20. अंधाऱ्या खोलीतल्या फोटोवर दिसणारे रवाळ ठिपके, ज्याला फोटोग्राफर नॉइज म्हणतात, ते या तेरापटीत ठरतात. प्रकाश तेरापट झाला की चित्र आणि ठिपके यांचं प्रमाण साडेतीन पटींहून अधिक सुधारतं. ते कुठल्याही ‘ब्युटी मोड’ने भरून निघत नाही.

याच हिशोबातून एक कडू गोष्ट निघते, ती सांगायलाच हवी. आजच्या मध्यम किमतीच्या फोनमधला मुख्य सेन्सर साधारण 50 चौरस मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्याची लेन्स बहुधा एफ 1.8 ची. म्हणजे तोच फोन स्वस्त कॉम्पॅक्टच्या सुमारे साडेपाच पट प्रकाश गोळा करतो, वर एकामागोमाग चार-आठ फोटो घेऊन ते आपसात जुळवतो. तेव्हा सात-आठ हजारांत नवा कॉम्पॅक्ट घेऊन फोनपेक्षा चांगले फोटो मिळतील अशी आशा धरणाऱ्याने पैसे वाचवावेत. ऑनलाइन दिसणाऱ्या ‘48 मेगापिक्सेल, 4के, 16एक्स’ अशा अनोळखी नावाच्या कॅमेऱ्यांचं तर बोलायलाच नको. त्यांच्यात बहुधा फोकसही न हलणारी छोटी लेन्स आणि काही मोजक्या मेगापिक्सेलचा सेन्सर असतो. उरलेले मेगापिक्सेल सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतं. 16एक्स झूम म्हणजे मधला तुकडा कापून मोठा केलेला.

खऱ्या झूमची गोष्ट वेगळी, पण तिथेही आकडा सरळ नाही. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये झूम पूर्ण ताणला की लेन्स एफ 6.9 पर्यंत उतरते. इतक्या बारीक छिद्रातून आलेला प्रकाश टोकदार बिंदू न बनवता पसरट चकती बनवतो. हा प्रकाशाचाच धर्म आहे, कंपनीचा दोष नाही. एफ 6.9 ला त्या चकतीचा व्यास सुमारे 9 मायक्रॉन, आणि 20 मेगापिक्सेलच्या 1/2.3 इंची सेन्सरवरचा एक पिक्सेल जेमतेम 1.2 मायक्रॉन. एकेक बिंदू सात-आठ पिक्सेल रुंदीवर सांडतो. फाइल 20 मेगापिक्सेलची बनते, तपशील त्याच्या एका लहान हिश्श्यापुरताच असतो. भर उन्हात ठीक दिसतं, पण खोक्यावरचे दोन्ही मोठे आकडे एकमेकांचा गळा धरतात हे कोणी सांगत नाही.

मग कॅमेरा घ्यायचाच कशाला? पेणच्या कारखान्यापुरतं उत्तर असं : मूर्तीचा चेहरा नीट दिसायला. फोन जवळ नेऊन मोठ्या कोनाच्या लेन्सने फोटो काढला की सोंड फुगते, पोट पुढे येतं, मागचा मुकुट बारीक होतो. गिऱ्हाईक मुंबईत किंवा परदेशात बसून तोच फोटो पाहतं आणि मूर्तीची ठेवण बिघडलीय असं समजतं. चार पावलं मागे सरून, लेन्स 70 मिलिमीटरच्या आसपास नेऊन काढलेल्या फोटोत प्रमाण मूर्तिकाराच्या हाताने जसं उतरलं तसंच येतं. फोनमध्ये वेगळी झूम लेन्स असली तर तिचा सेन्सर सहसा मुख्य सेन्सरपेक्षा लहान असतो. खऱ्या झूमचा कॉम्पॅक्ट इथे कामाचा ठरतो.

आणि मूर्ती हलत नाही. हा पेणचा मोठा फायदा. साधा तिवई स्टँड, दोन सेकंदांचा टायमर आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, सगळ्यात खालच्या पायरीवर, बहुधा 80, 100 किंवा 125. मग शटर पाव सेकंद उघडं राहिलं तरी बिघडत नाही. महागड्या सेन्सरने जो प्रकाश मिळवला असता तो इथे वेळ देऊन मिळवता येतो. ज्या कारखान्याला फक्त मूर्तींचेच फोटो काढायचे आहेत त्याने एक इंची सेन्सरसाठी कर्ज काढू नये. 1/1.7 इंची सेन्सरचे, एफ 2 च्या आसपासची लेन्स आणि मॅन्युअल मोड असलेले जुने कॉम्पॅक्ट त्याला भरपूर झाले. कॅननचा 2010 चा एस95 किंवा पॅनासॉनिकचा 2012 चा एलएक्स7, दोघेही दहा मेगापिक्सेलचे. एलएक्स7 ची लेन्स एफ 1.4 पासून सुरू होते आणि पूर्ण झूमलाही 2.3 पर्यंतच उतरते. अशी लेन्स आज नव्या स्वस्त कॅमेऱ्यात कुणी देत नाही.

मॅन्युअल मोडचा आग्रह उगाच नाही. रंग न दिलेली कच्ची मूर्ती पांढरीशुभ्र असते, आणि कॅमेऱ्याचा मीटर समोर जे दिसेल ते करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. त्यामुळे प्लास्टरची मूर्ती मळकट येते. एक्स्पोजर +0.7 किंवा +1 केलं की पांढरं पांढरं होतं. कारखान्यात वर ट्यूबलाइट, बाजूला एलईडी, दारातून ऊन असा तिहेरी प्रकाश असतो. ऑटो त्यात गोंधळतो आणि पितांबर कधी हिरवट, कधी नारिंगी काढतो. दार लोटून एकाच जातीचा प्रकाश ठेवावा आणि व्हाइट बॅलन्स हाताने बसवावा. त्यासाठी कागद शोधायची गरज नाही, रांगेतली कच्ची मूर्तीच पांढऱ्याचं माप म्हणून चालते. ट्यूब आणि हलक्या प्रतीचे एलईडी आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की फोटोवर आडवे पट्टे येत नाहीत. डोळ्यांच्या आखणीचा जवळून फोटो हवा असेल तर फ्लॅश बंद. चकाकत्या रंगावर त्याचा पांढरा डाग नेमका बुबुळावर पडतो.

आता टिकण्याचं. बाहेर येणारी लेन्स म्हणजे लोहाराचा भाता आहे. चालू केला की नळकांडी पुढे सरकते, आतली जागा वाढते, बाहेरची हवा फटींतून आत ओढली जाते. बंद केला की बाहेर फेकली जाते. हवा जाते, तिच्याबरोबर आलेली धूळ सगळी जात नाही. काही सेन्सरवर बसते आणि प्रत्येक फोटोत त्याच जागी करडा ठिपका दिसू लागतो. काही इवल्याशा दात्यांच्या चाकांत अडकते, आणि एक दिवस नळकांडी अर्ध्यात थांबून पडद्यावर लेन्स एररची सूचना येते. कॉम्पॅक्ट कॅमेरे मरतात ते बहुधा या आजाराने, नाहीतर नळकांडी बाहेर असताना हातातून पडून. अख्खा लेन्स-संच बदलायचा खर्च जुन्या कॅमेऱ्याच्या किमतीजवळ जातो, म्हणून तो कोणी करत नाही. मनगटात दोरी घालायची सवय या दुसऱ्या मरणातून वाचवते आणि तिला पैसे पडत नाहीत.

सगळी धूळ सारखी नसते. घासलेल्या मूर्तीची धूळ म्हणजे जिप्सम, मोहच्या कठीणपणाच्या मोजणीत 2. काच साडेपाचच्या आसपास. त्यामुळे पेणची धूळ काचेला सहसा ओरखडे काढत नाही, हलक्या ब्लोअरने उडून जाते. गोणीतली न भिजलेली प्लास्टरची भुकटी मात्र वेगळी. ती ओलावा मिळाला की घट्ट धरते, मग लेन्सच्या कडेला असो की बटणाच्या फटीत. पावसाळी दिवसांत ओल्या कपड्याने कॅमेरा पुसणारा माणूस तिला हवं तेच देतो. आधी ब्लोअर, मग कोरडा मऊ ब्रश, फडकं सगळ्यात शेवटी. स्प्रे गन चालू असताना कॅमेरा त्या गाळ्यात उघडायचाच नाही, कारण रंगाचा वाळलेला कण काचेच्या थरावरून साध्या पुसण्याने निघत नाही. रेवदंड्याला, काशीदला, मुरुडला जाणाऱ्यांची अडचण याहून मोठी. तिथल्या वाळूत क्वार्ट्झचे कण असतात, कठीणपणा 7. असा एक कण फडक्याखाली सापडला तर लेन्सवर कायमची रेघ उमटते.

जुन्या घरांत अजूनही अ‍ॅग्फा क्लिक थ्री सापडतो. बडोद्याला बनलेला, 120 च्या फिल्मवर 12 चौकोनी फोटो काढणारा. अनेकांचे आजही टक्‌ करतात. तो टिकला याचं कारण त्या काळची माणसं प्रामाणिक होती हे नव्हे. त्यात मोटर नव्हती, पडदा नव्हता, बॅटरी नव्हती. बिघडायलाच फारसं काही नव्हतं.

धूळ-पाण्यापासून बंदिस्त कॅमेऱ्यांनी नेमकी हीच वाट धरली : बाहेर काही हलू द्यायचं नाही. त्यांची झूम लेन्स आत उभी किंवा आडवी दडवलेली असते आणि लोलकाने प्रकाश काटकोनात वळवून तिच्यात सोडलेला असतो. ऑलिंपसची टफ मालिका यातली प्रसिद्ध. 2019 चा टीजी-6 आणि कॅमेऱ्यांचा धंदा दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावर 2023 मध्ये आलेला टीजी-7 हे दोन्ही 15 मीटर पाण्याखाली, 2.1 मीटरवरून पडल्यावर आणि 100 किलोंच्या दाबाखाली चालतील असा कंपनीचा दावा आहे. 12 मेगापिक्सेल, एफ 2.0. काचेपासून एक सेंटिमीटरवरचा फोटो काढतो, म्हणून पावसाळ्यात किडे-फुलं पाहणारे त्याच्यावर जीव टाकतात. पण सेन्सर पाहा : 1/2.3 इंची. तोच तो 28 चौरस मिलिमीटरचा. दुमडलेल्या वाटेत मोठा सेन्सर मावत नाही. सोनीने 2017 मध्ये आरएक्स0 नावाचा एक इंची सेन्सरचा जलरोधक छोटा कॅमेरा काढून दाखवला खरा, पण त्यासाठी झूमच काढून टाकावा लागला आणि लेन्स एफ 4 वर आणावी लागली. लहान, बंदिस्त, मोठ्या सेन्सरचा आणि झूमचा असा कॅमेरा परवडणाऱ्या किमतीत कुणाला बनवता आलेला नाही.

कोलाडच्या कामाला मात्र टफ जातीचा कॅमेरा अगदी बरोबर बसतो. मुळशी धरणाचं पाणी वीज बनवून भिऱ्याला सुटतं, तेव्हा कुंडलिकेला जोर चढतो. राफ्टिंग सकाळी चालतं, प्रकाश भरपूर असतो, लहान सेन्सरची उणीव फार जाणवत नाही. तिथे फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेणारे पिशवीच्या सुरकुत्यांसकट फोटो घेऊन येतात. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. हा कॅमेरा पाव किलोचा असून पाण्यात बुडतो, तेव्हा फोमचा तरंगता पट्टा घ्यावाच. आणि खोक्यावरचा आयपी आकडा नीट वाचावा. पहिला अंक धुळीचा, 6 म्हणजे धूळ अजिबात शिरत नाही. दुसरा पाण्याचा, 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ही परीक्षा स्थिर गोड्या पाण्यात घेतलेली असते. समुद्रातून आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात भिजत ठेवून मीठ काढून टाकावं, पूर्ण सुकल्याशिवाय बॅटरीचं दार उघडू नये, आणि बंद करताना रबरी कडेवर केस किंवा वाळूचा कण राहिलेला नाही ना, ते पाहावं. पाणी शिरायला एक केस पुरतो. हे रबर वयाने कडक होतं, म्हणून जुना टफ कॅमेरा विकत घेतला तर त्याच्या जलरोधकपणावर विश्वास ठेवू नये. पावसाच्या शिंतोड्यांपुरता धरून चालावं.

पालखीचं गणित निराळं. रात्रीचे दिवे, गर्दी, खांद्यावरून डोलत जाणारी पालखी, पोलीस पालखीला सलामी देतात तो एक क्षण. इथे शटर निदान 1/125 हवं, तिवईला जागा नाही, आणि वेळ देऊन प्रकाश मिळवण्याची पेणची युक्ती चालत नाही. इथे एक इंची सेन्सरच लागतो. कुडा लेण्यांच्या आतल्या दालनांसाठीही तोच बरा. परतीच्या पावसाची धास्ती असेल तर छत्री धरायला एक माणूस सोबत घ्यावा, तो बंदिस्त कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त पडतो.

कोकणातल्या कॅमेऱ्याचा खरा शत्रू मात्र वापरताना भेटत नाही, कपाटात भेटतो. बुरशी. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर ठाण मांडते आणि लेन्समधल्या बुरशीला 65-70 टक्केच पुरतात. तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू काचेवरच्या थरावर पसरतात, त्यातून स्रवणारं आम्ल तो थर खातं आणि नंतर साफ केलं तरी खूण राहते. सुट्ट्या लेन्सचा कॅमेरा असेल तर लेन्स उघडून पुसता तरी येते. कॉम्पॅक्टची लेन्स उघडणं म्हणजे अख्खा कॅमेरा उघडणं. आणि आपण काय करतो? कॅमेरा त्याच्या रेक्झिनच्या, आतून स्पंजच्या पिशवीत घालून पत्र्याच्या कपाटात ठेवतो. बुरशीला याहून बरी जागा नाही. वर डांबरगोळ्या टाकतो. त्यांची वाफ काचेवर बसते आणि प्लास्टिकलाही बाधते. तांदळात ठेवण्याचा उपायही फसवा. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही आणि त्याचं पीठ फटींत जातं.

घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा प्लास्टिकचा डबा, त्यात मूठ-दोन मुठी सिलिका जेल, आणि आत काही शे रुपयांत मिळणारं छोटं आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 च्या दरम्यान राहिला पाहिजे. 30 च्या खाली नेऊ नये, आतलं वंगण सुकतं. शिवाय आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून झूम पुढेमागे करावा, चार फोटो घ्यावेत. वापरात असलेल्या कॅमेऱ्याला बुरशी सहसा धरत नाही.

आता बाजार. छोट्या कॅमेऱ्यांचा धंदा फोनने खाल्ला हे सगळ्यांना माहीत आहे, पण किती खाल्ला ते आकड्यात पाहण्यासारखं आहे. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या मोजणीनुसार 2010 मध्ये जगभर 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे रवाना झाले, त्यात बहुसंख्य कॉम्पॅक्ट. 2023 मध्ये सगळे मिळून 77 लाखांच्या आसपास, आणि त्यात कॉम्पॅक्ट 20 लाखांपेक्षाही कमी. कंपन्यांनी स्वस्त मॉडेलं बंद केली. तेवढ्यात तरुण पोरांना जुन्या ‘डिजिकॅम’च्या रंगांचं वेड लागलं, आणि 2016 चं एक इक्सस मॉडेल कॅननने 2025 मध्ये किरकोळ बदल करून परत विकायला आणलं. सीसीडी जातीच्या जुन्या सेन्सरमध्ये फिल्मची जादू असते असं त्या पोरांना वाटतं. रंगांची ती छटा बरीचशी कॅमेऱ्यातल्या प्रक्रियेची असते, सेन्सरच्या जातीची कमी. पण वेडामुळे भाव वाढले, हे खरं.

म्हणजे चांगला आणि परवडणारा कॉम्पॅक्ट आज बहुधा वापरलेलाच घ्यावा लागतो. मुंबईत फोर्टातला बोरा बाजार त्यासाठी जुना पत्ता, आणि दुरुस्तीही तिथेच होते. ऑनलाइन घेणार असाल तर हातात घेऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. पाहायचं काय? चालू-बंद आठ-दहा वेळा करा आणि कान द्या. नळकांडी सरकण्याचा आवाज एकसारखा हवा, मध्येच अडखळ किंवा करकर नको. मोबाइलचा टॉर्च लेन्समध्ये तिरका मारून आत पाहा, जाळं दिसलं तर कॅमेरा परत द्या, कितीही स्वस्त असो. सगळ्यात बारीक छिद्रावर, म्हणजे एफ 8 किंवा 11 वर, मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या. करडे ठिपके दिसले तर धूळ आत पोचलीय. मग ‘कृषीवल’ दैनिकाचं एक पान भिंतीला सपाट चिकटवून समोरून फोटो काढा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून वाचा. तीन कोपरे स्पष्ट आणि एक धूसर असेल तर कॅमेरा कधीतरी पडलाय, लेन्स तिरकी झालीय. विकणारा काही म्हणो. बॅटरी सपाट टेबलावर ठेवून फिरवून पाहा, फुगलेली असेल तर ती गिरकी घेते. बॅटरीच्या कप्प्यातल्या पट्ट्यांवर हिरवट थर असला तर खाऱ्या हवेत दिवस गेलेत.

नवी बॅटरी मिळते का हेही आधी विचारावं. आरएक्स100 ची बॅटरी सोनीच्या पुढच्या अनेक मॉडेलांत चालत असल्याने सहज मिळते. काही जुन्या, बिननावाच्या मॉडेलांच्या बॅटऱ्या शोधण्यात आठवडे जातात. नवा घेत असाल तर पावतीवर भारतातली वॉरंटी लिहून घ्या. बाहेरून आणलेला माल थोडा स्वस्त मिळतो, पण त्याची जबाबदारी इथल्या सेवा केंद्रावर नसते. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी 2019 च्या सुरुवातीपासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा ‘बिनबिलाचा घ्या, कर वाचेल’ या बोलण्यात पूर्वीइतकाही दम राहिलेला नाही.

माझा कौल विचाराल तर पेणच्या कारखान्याला वापरलेला एलएक्स7 किंवा एस95 आणि चांगली तिवई. पैसे उरले तर ते दोन बऱ्या दिव्यांवर. कोलाडच्या राफ्टवाल्याला नवा टफ, जुना नाही. पालखी, लग्नं, लेणी, किल्ले असं सगळंच करणाऱ्या रोहेकराला पहिला किंवा दुसरा आरएक्स100, अथवा कॅननचा 2014 चा जी7 एक्स. जी7 एक्सची बॅटरी एका दमात दोनशेच्या आसपासच फोटो काढते, तेव्हा त्याच्यासोबत दुसरी बॅटरी किमतीतच धरावी. आणि कुठलाही घेतलात तरी डब्यातल्या सिलिका जेलवर नजर ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा नारिंगी असतील तर हिरवे पडले, की ते ओलाव्याने भरलेत. 120 अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा मंद आचेवर जुन्या तव्यात मूळ रंग येईपर्यंत तापवावेत. तवा स्वयंपाकातला नको, आणि दाणे पूर्ण निवल्याशिवाय डब्यात टाकू नयेत.